एकटीला उचलवेल अशी मोटर

आमच्या होडीला मोटर घ्यायचं ठरलं ते खाडीच्या चिखलात बसल्या बसल्या. वारा पडला होता, ओहोटी लागली होती आणि करावे गाव समोर दिसत असूनही आम्हाला तिथे पोचता येत नव्हतं. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. बघता बघता पाणी होडीखालून निघून गेलं आणि होडी एका कुशीवर टेकली. नवख्या माणसाला वाटतं, उतरावं आणि चालत जावं. पण त्या चिखलात पाय टाकला की तो मांडीपर्यंत आत जातो, आणि बाहेर ओढताना चप्पल आत राहते. भरती येईपर्यंत बसून राहायचं, दुसरं काही करता येत नाही.

त्यातच माझ्या नवऱ्याला चक्कर आली. हे प्रकरण काही महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं. कानाच्या आत काहीतरी बिघडतं आणि सगळं जग गरगर फिरायला लागतं, डोळे मिटले तरी फिरतच राहतं. तो होडीच्या तळाशी आडवा झाला, डोळे घट्ट मिटून. पाणी उपसायच्या मगात ओकत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन वाऱ्याला, ओहोटीला, त्याच्या कानाला आणि अधूनमधून त्यालाही बोलत होते. मी चिडले की मला भीती कमी वाटते, म्हणून मी जोरजोरात चिडत होते.

दोन उलट्यांच्या मध्ये तो म्हणाला, "मोटर पाहिजे गं होडीला. मोटर असती तर कधीच निघालो असतो."

"घेऊ," मी म्हणाले. त्या वेळी त्याने विमान मागितलं असतं तरी मी घेऊ म्हणाले असते.

होडी आमच्याकडे आली ती योगायोगानेच. नवरा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरीला होता. बंदरातल्या एका अधिकाऱ्याशी त्याची दोस्ती होती. त्या अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याने फ्रिज एकाला दिला, कुंड्या दुसऱ्याला दिल्या आणि ही छोटी फायबरची शिडाची होडी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातली. चालवायला त्यानेच शिकवलं होतं. मग नवऱ्याने मला शिकवलं. मी तोवर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि घरात बसून भिंतींना रंग कोणता द्यावा याचा विचार करत होते. होडीत बसले आणि भिंती विसरले. पन्नाशी उलटल्यावर एखादी गोष्ट इतकी आवडू शकते हे मला माहीतच नव्हतं.

चिखलातून परतल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला होडी बंद केली. गाडी चालवणं बंद, शिडी चढणं बंद, एकट्याने रस्ता ओलांडणं बंद. चक्कर कधी येईल ते सांगता येत नाही. आठवडा बरा जातो आणि मग दात घासता घासता माणूस बेसिनला लटकतो. म्हणून आमच्या घरात बाथरूमच्या दाराला आतून कडी लावायची नाही असं ठरलं. तो आंघोळीला गेला की मी बाहेर पलंगावर बसून पाण्याचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की "अरे?" म्हणायची. आतून "आहे" असं यायचं. भाजी आणायला खाली गेले तरी लिफ्टमधून फोन करायची. सीवूड्समधल्या आमच्या अकराव्या मजल्यावर खाडीवरचं भरपूर वारं येतं, लोक येऊन म्हणतात, काय छान हवा आहे तुमच्याकडे. मला त्या घरात श्वास पुरत नव्हता. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही, कारण आजारी तो होता आणि धडधाकट मी होते. धडधाकट माणसाने कोंडल्यासारखं वाटतं म्हणू नये, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे.

मला फक्त एक हवं होतं. आठवड्यातून एकदा, भरतीच्या वेळेला, दोन तास होडीत एकटीने. पण चिखलात बसलेली ती दुपार मीही विसरले नव्हते. वारा पडला आणि ओहोटीने ओढलं तर एकटीने वल्ही मारून मी परत येऊ शकले नसते. म्हणजे मोटर हवीच होती. मोटर आली की मी जाणार, नाही आली तर नाही जाणार. इतका सरळ हिशेब होता.

निवडायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. त्याला होडीत बसता येत नव्हतं, पण मोबाईलवर बघता येत होतं. निळ्याशार पाण्यात गोरे म्हातारे आपापल्या मोटरींची दोरी ओढतायत, असे व्हिडिओ आमच्या टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ चालू झाले. जेवताना मला ज्ञान मिळायचं. शिडाच्या होडीला दांडा लांब लागतो, नाहीतर लाटेवर मागचा भाग उचलला गेला की पंखा हवेत फिरतो. आपल्या खाडीत पाणी उथळ, म्हणून मोटर चटकन वर वाकवता आली पाहिजे. ओहोटीला ओढ जबरदस्त, म्हणून ताकद हवी. पण होडी लहान, तिचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही, कितीही ताकद लावली तरी ती फक्त मागून बुडते आणि पुढून नाक वर करते. हे सगळं बरोबर होतं. मी ऐकून ऐकून इतकी शिकले की झोपेतही सांगितलं असतं.

मग त्याने प्रश्न नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या नातेवाइकांत पोहता येणारी माणसं दोन, तरीही मतं सगळ्यांना होती. पुण्याचे माझे दीर म्हणाले, घ्यायचीच आहे तर जरा मोठी घ्या, उद्या होडी मोठी घेतलीत तर? झालं. हे वाक्य आमच्या सासरच्या कुळाचारात बसणारं आहे. माझ्या सासूबाई मुलांचे शाळेचे शर्ट वाढत्या अंगाचे शिवायच्या. शर्ट अंगाला यायच्या आत फाटायचा, पण शिवायचा मोठाच. तीच सवय घरभर पसरली. आम्ही दोघंच आहोत, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, पण आमचा कुकर पंगतीचा आहे आणि फ्रिजमध्ये एक माणूस आरामात उभा राहील. आता मोटरही वाढत्या अंगाची येणार होती, म्हणजे अजून न घेतलेल्या, कधीही न घेतल्या जाणाऱ्या होडीच्या मापाची.

करावे जेट्टीवर आमच्या होडीकडे लक्ष ठेवणारे एक मासेमार आहेत, त्यांचं मत आणखी पक्कं होतं. त्यांना स्वतःचं जुनं इंजिन विकायचं होतं.

"ताई, ह्यो इंजान घ्या," ते म्हणाले. "पानी कापत जातंय. कोनालाबी इचारा गावात."

"फार जड आहे हो."

"जड हाय म्हनून तर टिकलाय! आनि उचलाचं तुमाला कशाला? आमी हाव ना."

ते होते, पण भरतीच्या वेळेला ते स्वतःच्या जाळ्यापाशी असायचे. शिवाय त्यांच्या होडीला जे शोभलं असतं ते आमच्या होडीला लावलं असतं, तर आम्ही आकाशाकडे तोंड करून फिरलो असतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले आणि विकायचा नाद काही सोडला नाही.

एका शनिवारी आम्ही टॅक्सी करून मुंबईत दुकानात गेलो. लाकडी घोडीवर ओळीने मोटरी टांगल्या होत्या. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता, आणि तो सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता. मी बाजूला पर्स घेऊन उभी. थोड्या वेळाने मी विचारलं, "ही मी उचलून बघू का?"

तो थबकला. "मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता? उचलायला माणूस असतो ना."

"कुठला माणूस?"

त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवरा माहितीपत्रक वाचत होता, किंवा वाचल्यासारखं करत होता. मी घोडीजवळ गेले आणि मधली मोटर दोन्ही हातांनी धरून वर ओढली. ती जागची हलली नाही. विक्रेता घाईघाईने पुढे आला, "मॅडम, पाठ धरेल." मी हात सोडले. रागाने माझे कान तापले होते, पण राग कोणावर काढायचा ते कळेना. मोटरवर काढून उपयोग नव्हता.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात गॅसचा सिलिंडर आला. भरलेला सिलिंडर मला हलत नाही, रिकामा मी उचलून दारापर्यंत नेते. त्या मधल्या मोटरचं वजन भरलेल्याच्या जवळ जात होतं. सगळ्यात छोटीचं रिकाम्याच्या आसपास होतं. मी ओट्याखालचा रिकामा सिलिंडर काढला, पोटाशी धरला आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत फिरले. जेट्टीच्या पायऱ्या उतरून होडीत पाय टाकायचा तर एक हात मोकळा लागणार, म्हणून एका हातानेही उचलून पाहिला. नवरा सोफ्यावरून बघत होता.

"काय चाललंय तुझं?"

"मोटर उचलतेय," मी म्हणाले. "ती मला एकटीला उचलता आली पाहिजे. बाकी तुला हवं ते बघ. ताकद बघ, दांडा बघ. पण वजन हे."

त्याने टीव्हीकडे बघितलं. तिथे कोणीतरी दोरी ओढत होतं. मग म्हणाला, "म्हणजे तू एकटी जाणार."

"हो. मग कोणाबरोबर जाऊ?"

त्यानंतर त्याला छोट्या मोटरींमध्ये खोडी दिसायला लागल्या. एक फार आवाज करते. एकीची टाकी लहान. एकीला मागे जायचा गिअर नाही, अख्खी मोटरच फिरवावी लागते, ते तुला जमणार नाही. एक चांगली होती, पण तिचे भाग मिळत नाहीत असं कोणीतरी कुठेतरी लिहिलं होतं. प्रत्येक खोड खरी असायची, हीच तर पंचाईत होती. मी एकीवर बोट ठेवलं की दुसऱ्या दिवशी तिची खोड चहाबरोबर यायची. दुकानातून फोन आला की तो म्हणायचा, अजून जरा बघतोय.

बघता बघता नारळी पौर्णिमा आली. कराव्याच्या लोकांनी वाजतगाजत जाऊन खाडीला नारळ वाहिला, होड्या रंगवून पाण्यात सोडल्या. आम्हीही गेलो होतो. नवरा कठड्याला धरून उभा होता. सगळ्या होड्या गेल्यावर किनाऱ्यावर एक आमचीच उरली, निळ्या ताडपत्रीखाली, विटांवर चढवलेली. ताडपत्रीवर कोंबडी बसली होती. मासेमार काकांनी मला नारळाचा प्रसाद दिला आणि विचारलं, "आवंदा नाय का सोडत पान्यात?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांचं निवडून व्हायचंय."

घरी येईपर्यंत मी गप्प राहिले. लिफ्टमध्ये शेजारीण होती म्हणून तिथेही गप्प राहिले. दार लावलं आणि मग माझा तोल गेला.

"तुला मोटर निवडायचीच नाहीये," मी म्हणाले. "तू नुसता निवडत बसणार आहेस. मी म्हातारी होईपर्यंत निवडशील. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

तो सोफ्याचा हात धरून हळूहळू बसला. मला वाटलं चक्कर आली. नव्हती आली.

"निवडली की तू जाशील," तो म्हणाला.

"दोन तास रे!"

"दोन तास मी काय करू?"

 एरवी मी पटकन उलट बोलले असते, नंतर पश्चात्ताप होईल इतकं पटकन. मी त्याच्या शेजारी बसले. तो पुढे म्हणाला, की तू खाली भाजीला गेलीस तरी मी घड्याळ बघतो, मला स्वतःचीच लाज वाटते, पण बघतो. आधी मी तुला होडीत घेऊन जायचो, आता तू मला इथे ठेवून जाणार. एवढं बोलून तो रडायला लागला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, मी त्याला रडताना फार कमी पाहिलंय. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस चहा करायला उठतो. मी उठले.

पुढच्या आठवड्यात मुलगी चार दिवसांसाठी आली होती. बाबांजवळ तिला बसवून मी एकटी दुकानात गेले. विक्रेत्याने मागे बघितलं. "साहेब नाही आले?"

"नाही आले," मी म्हणाले, आणि पर्स काउंटरवर ठेवून सगळ्यात छोटी मोटर घोडीवरून उतरवली. दुकानभर घेऊन फिरले. पायऱ्या होत्या तिथे एका हाताने धरून उतरून-चढून दाखवलं. दांडा लांब होता. गिअर नव्हता, आवाज भरपूर होता, टाकी लहान होती. या सगळ्या खोडी मला पाठ होत्या. "हीच द्या," मी म्हणाले.

वाटलं होतं, नवरा तोंड फिरवेल. त्याने खोक्याची पट्टी कापली आणि त्याचे हात थांबेनात. पुस्तिका वाचली, पुन्हा वाचली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याचं पिंप ठेवून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याने मोटर पिंपात चालवून घेतली. आवाजाने सेक्रेटरी धावत खाली आले, कोणत्या नियमात बसतं हे विचारायला लागले, आणि पाच मिनिटांनी स्वतःच दोरी ओढून बघत होते. नवऱ्याने मला सगळं शिकवलं. चोक कधी ओढायचा, हवेचा स्क्रू कधी उघडायचा, चिखल जवळ आला की मोटर वर कशी वाकवायची. इतकं नीट आणि इतक्या मायेने शिकवलं की मला त्या महिन्यांचा राग धरता येईना. मी प्रयत्न केला, पण नाही आला.

पहिल्या दिवशी तो जेट्टीवर आला. मी नको म्हटलं होतं. मासेमार काकांनी त्याला कठड्याजवळ खुर्ची दिली आणि ते जाळं विणत बाजूला बसले. मी मोटर पोटाशी धरून पायऱ्या उतरले, होडीच्या मागच्या फळीला अडकवली, स्क्रू आवळले. वर बघितलं तर तो ओठ हलवत माझ्याबरोबर एकेक पायरी मोजल्यासारखी म्हणत होता. चोक, हवा, दोरी. मोटर तिसऱ्या ओढीला चालू झाली.

खाडीच्या मध्यावर गेल्यावर मी ती बंद केली, वर वाकवली आणि शीड चढवलं. आवाज थांबला. वारा चांगला होता. होडी एका बाजूला जराशी कलली आणि चालायला लागली. शिडाची दोरी माझ्या हातात, सुकाणू माझ्या हातात, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. कोणाच्या पाण्याचा आवाज ऐकायचा नव्हता. मी मोठ्याने हसले. मग एक घाण शिवी दिली, उगाच, आनंदाने. मला वाटलं आता सरळ जात राहावं, खाडीवरच्या पुलाखालून, मी दिसेनाशी होईपर्यंत.

तेव्हा मी मागे वळून बघितलं. नवरा खुर्चीतून उठला होता. एका हाताने कठडा धरला होता आणि दुसरा हात वर केला होता, सरळ डोक्याच्या वर.

चक्कर आली असणार. शीड पाडलं, मोटर खाली केली, दोरी ओढली. त्या छोट्या मोटरने असली ताकद लावली की मीच थक्क झाले. ओहोटी सुरू झाली होती, पाणी उलटं ओढत होतं, तरी तिने मला सरळ जेट्टीवर आणून सोडलं. शिडावर असते तर अर्धा-पाऊण तास लागला असता. मी पायऱ्यांवर उडी मारली. "काय झालं? चक्कर आली का?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "तू एवढीशी दिसायला लागलीस. म्हणून हात केला."

काका जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "इंजान बेस हाय तुमचा. लवकर आला."

आता मी दर आठवड्याला जाते. मोटर मला एकटीला उचलवते. तिची टाकी लहान आहे, पण मला मोठीची कधी गरज पडली नाही. प्रत्येक वेळी पुलाच्या अलीकडे कुठेतरी मी मागे बघते, आणि प्रत्येक वेळी तो उभा असतो, हात वर करून. त्याला काही झालेलं नाही हे मला पक्कं माहीत असतं. तरी मी शीड पाडते आणि मोटर चालू करते.